घर सोडण्याची नोटीस लेखीच का द्यावी

आपला प्रश्न असा आहे : नाशिकच्या गंगापूर रोडवरील भाड्याच्या घराचा करार 24 महिन्यांचा आहे, त्यांतील 14 महिने झाले आहेत, मार्चअखेर जर्मनीला निघायचे आहे; घरमालक काका अगदी घरच्यासारखे आहेत, तर त्यांना लेखी नोटीस देणे रुक्ष दिसेल का, की तोंडी सांगून भागेल? व्हिसा, विमा आणि पदव्यांची पडताळणी यांविषयी सरकारी संकेतस्थळांवर सगळे आहे, त्यामुळे ते सोडून देतो. पण या प्रश्नाने माझी जुनी खपली निघाली, म्हणून थोडे लांबण लावून लिहीत आहे.

तोंडी सांगून भागत नाही. 2016 साली आम्ही इंदिरानगरमध्ये राहत होतो. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर मसाला दूध पिताना मी आमच्या घरमालकांना सांगितले की नोव्हेंबरअखेर आम्ही जर्मनीला निघणार. त्यांनी पाठीवर हात ठेवून "बिनधास्त जा" म्हटले आणि माझ्या लेखी विषय संपला. निघण्याच्या आठवड्यात त्यांच्या मुलाने हिशेब मांडला. लेखी नोटीस मिळालेली नाही, म्हणून एका महिन्याचे भाडे 14,000 आणि रंगकामाचे 12,000 असे 60,000 च्या डिपॉझिटमधून वजा झाले. मी फार चिडलो, परंतु करारात "एक महिन्याची लेखी नोटीस" असे स्वच्छ लिहिलेले होते आणि त्याखाली मी सही करून वर अंगठाही उमटवलेला होता.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती की घरमालकांच्या हातात कागद ठेवणे म्हणजे त्यांचा अपमान. आज मला ती सबब वाटते. आईला मी दोन वर्षांसाठी जातो असे सांगितले होते, आणि "घर रिकामे करून ताबा परत देत आहोत" हे वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिण्याची माझी तयारी नव्हती.

आता आपल्याविषयी. सर्वप्रथम नोंदणीकृत करार काढून लॉक-इनचे, म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही तिचे, कलम वाचावे. त्या मुदतीत घर सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे बहुधा करारानेच मागितलेले असते, आणि तिथे नोटीस कितीही नीट लिहिली तरी उपयोग होत नाही. मालकांशी बोलून सवलत मिळाली तर तीही लिहून घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, त्यामुळे आपल्याकडे प्रत नसेल तर ती मागण्यात संकोच नको. बरेच जण पंधरा दिवसांच्या नोटिशीचा दाखला देतात. ती मुदत मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 106 मधील आहे, महिन्यामहिन्याच्या भाडेपट्ट्यासाठी आणि करारात वेगळे काही ठरलेले नसताना लागू होणारी. आपल्याकडे भाडेपट्टा नसून लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर वापरण्याच्या परवानगीचा, करार आहे, तेव्हा त्यात लिहिलेली मुदतच धरावी.

नोटीस एका पानात मावते. तारीख, करारात आहेत तशीच दोन्ही बाजूंची नावे, फ्लॅटचा पूर्ण पत्ता, कराराचा नोंदणी क्रमांक व दिनांक, ज्या कलमाखाली नोटीस देत आहात त्याचा क्रमांक, आणि ताबा देण्याचा निश्चित दिवस. "मार्चच्या शेवटी" असे मोघम न लिहिता "31 मार्च" लिहावे. भाडे कोणत्या महिन्यापर्यंत भरले आहे, डिपॉझिट किती आहे आणि ते कोणत्या खात्यात जमा करावे, हेही त्यातच यावे. करारावर पती-पत्नी दोघांची नावे असतील तर दोघांच्या सह्या हव्यात, आणि मालकीण काकूंचेही नाव असेल तर नोटीस दोघांच्या नावे काढावी. दोन प्रती कराव्यात, एक काकांना द्यावी व दुसरीवर "मिळाली", तारीख आणि सही घ्यावी. सही देण्यास कुणी टाळाटाळ केली तर वाद न घालता तीच प्रत करारातील पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने पाठवावी. व्हॉट्सॲपवर फोटो जरूर पाठवा, पण केवळ त्यावर विसंबू नका.

रुक्ष दिसण्याची भीती असेल तर आधी घरी जाऊन, चहा घेऊन सांगावे आणि मग कागद द्यावा. आम्ही नाशिककर हा क्रम नेहमी अर्ध्यावर सोडतो, चहा होतो आणि कागद राहतो.

डिपॉझिट निघण्यापूर्वीच हातात पडेल असा प्रयत्न करावा. माझे उरलेले 34,000 धनादेशाने आले, तेही मी निघाल्यावर, नाशिकरोडला बहिणीकडे. धनादेश तीनच महिने चालतो. तो तिच्या कपाटात शिळा झाला आणि दुसरा मागण्याचा फोन मी लाजेपोटी सहा महिने केला नाही. शिवाय परदेशी स्थायिक झाल्यावर साधे बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे रुपयांतील खाते) करून घ्यावे लागते, म्हणून नोटिशीत कोणता खाते क्रमांक द्यायचा हे आधी बँकेत विचारावे. ताबा देताना वीजमीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढावा, कारण महावितरणचे शेवटचे बिल आपण गेल्यावरच येणार असते.

एवढे भोगूनही मी शहाणा झालो नाही. स्टुटगार्टमध्ये घर बदलताना नोटीस ईमेलने पाठवली. ती निरुपयोगी ठरली, कारण इथे कागदावर हाताने केलेली सही लागते. भाडेकरूला तीन महिन्यांची मुदत असते आणि तो महिना धरला जावा यासाठी पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मालकाकडे पोचावे लागते. माझे पाचव्या दिवशी पोचले आणि एका महिन्याचे जादा भाडे गेले.

मुलांच्या शाळेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी तीही याच यादीत धरा. माझ्या मुलीच्या नाशिकमधील शाळेने लेखी अर्ज वेळेत आला नाही म्हणून दुसऱ्या सत्राचे पूर्ण शुल्क भरल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला दिला नाही. मी तीन हेलपाटे घातले, पैसे भरले, आणि इथल्या शाळेत तो दाखला कुणी उघडूनही पाहिला नाही. ते पैसे मी विसरलो असतो. पण तिसरीतल्या त्या मुलीला आम्ही निघत आहोत हे मी फक्त आठ दिवस आधी सांगितले होते. मालकांना निदान दीड महिना आधी तरी सांगितले होते, हे तिने बारा वर्षांची झाल्यावर मोजून दाखवले, आणि मला उत्तर देता आले नाही.

एकटेपणाचे विचारले आहे. तो असतो, पहिला हिवाळा जड जातो.

मार्चअखेर निघायचे असेल तर करारातली मुदत उलटी मोजून नोटीस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच द्या. मसुदा पाठवलात तर वाचून देईन. मुलांना मात्र त्याआधी सांगा.