डिस्कमागचा गंज आणि पुढच्या ब्रेकचे इतर प्रश्न

पॅड संपले म्हणून गाडी दाखवली, तर मेकॅनिक म्हणतो डिस्कही नवी टाका. डिस्क तर हाताला गुळगुळीत लागते. खरंच गरज आहे का? (सातारा)

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबतात. गुळगुळीतपणावर काही ठरत नाही, जाडीवर ठरतं. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंचवट्यावर ‘मिन टीएच’ अशा अर्थाची रोमन अक्षरं आणि पुढे मिलिमीटरचा आकडा असतो. तारेच्या ब्रशनं गंज घासला की दिसेल. ती किमान जाडी.

मोजताना मात्र बरेच जण फसतात. पॅड जिथं घासत नाही तिथं बाहेरच्या काठाला ओठ उरतो आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) त्या ओठावरच टेकतो. दोन सारखी नाणी घ्या, झिजलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी एकेक धरा, सगळ्याची मिळून जाडी मोजा आणि नाण्यांची वजा करा. उत्तर किमान आकड्याला टेकत आलं असेल, तर मेकॅनिक खरं बोलतोय. नवे पॅड संपेपर्यंत ती डिस्क पुरणार नाही. लेथवर फेस मारून (घासून सपाट करून) घेतलात, तरी जाडीच कमी होणार.

जुनी डिस्क हबवरून (चाक बसतं त्या मधल्या भागावरून) सुटतच नाही. हातोडा मारू का? (नाशिक)

टाकूनच द्यायची असेल तर मारा, पण आधी नीट बघा. डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू असेल तर तो काढा. बऱ्याच डिस्कना आट्यांची दोन रिकामी भोकं असतात. त्यात मापाचे बोल्ट घालून आळीपाळीनं थोडे थोडे आवळा, डिस्क आपोआप वर येते.

दोन्ही डिस्क, पॅड मीच बदलले. महिनाभर छान चाललं, आता ऐंशीच्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकडी निघाली का? (पुणे)

दुकानदाराशी भांडायला जाण्यापूर्वी एक विचारतो: नवी डिस्क बसवताना हबचा चेहरा घासला होता का?

बहुतेक जण नाही म्हणतात. जुनी डिस्क निघाली की हबवर गंजाचे पापुद्रे राहतात. त्यातला नखाएवढा एखादा नव्या डिस्कमागे अडकला, की डिस्क किंचित तिरकी बसते. हबपाशी फरक केसाएवढा, पण काठापर्यंत जाताना तो वाढतो, आणि इथं मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा जास्त होतो. सुरुवातीला पायाला काहीच कळत नाही. फक्त दर फेऱ्याला, ब्रेक न मारताही, डिस्कची तीच जागा पॅडला चाटून जाते आणि तेवढीच झिजत राहते. काही आठवड्यांत डिस्क कुठे जाड, कुठे पातळ होते. तुम्हाला जाणवते ती थरथर याचीच. म्हणून तर महिनाभर छान चाललं!

तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन हब चकचकीत करा, विशेषतः बोल्टांच्या मुळाशी. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेलही ब्रेक क्लीनरनं पुसायचं असतं. चाकाचे नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं, पुस्तिकेतल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा. पान्यावर उभं राहून नव्हे. पण आता जाडीत फरक पडला असेल, तर नुसती साफसफाई पुरणार नाही, डिस्कही बदलावी लागेल.

पिस्टन मागे जाईना. जोर लावला तर बॉनेटखाली ब्रेक ऑइल उतू गेलं. (सांगली)

पिस्टन म्हणजे कॅलिपरमधला, पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या; तो आत ढकलला की ऑइल टाकीत परततं. आधी कुणी ती काठोकाठ भरली असेल तर उतू जाणारच. थोडं काढून मग ढकला. जिथं सांडलं तिथं लगेच भरपूर पाणी ओता, ऑइल गाडीचा रंग खातं. पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्प सावकाश आवळायचा. तरीही हलला नाही, तर कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल जरा सैल करून बघा. आता गेला, तर दोष बहुधा आतून बुजलेल्या होजचा, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीचा. तरीही नाही, तर पिस्टन गंजलाय. दोन्ही बाबतीत इथं थांबा आणि गॅरेज गाठा. निपल उघडला म्हणजे हवा काढणंही आलंच. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा.

डाव्या चाकाचे पॅड संपले, उजवे निम्मे आहेत. एकाच बाजूचे टाकले तर? (कोल्हापूर)

नाही. दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर गाडी एका अंगाला ओढेल. आणि डावे आधी का संपले ते शोधा. बहुधा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम असतात. पिन बोटांनी सरकायला हवी. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पहिल्यांदाच हे काम करणार आहे. सगळ्यात मोठी चूक कोणती? (ठाणे)

जॅकवरच्या गाडीखाली हात घालणं. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड द्या. दुसरी चूक मी स्वतः केली आहे. काम संपल्याच्या आनंदात गाडी सुरू करून मागे घेतली, ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल थेट तळाला. पिस्टन मागे ढकललेले होते, पॅड अजून डिस्कला भिडलेलेच नव्हते. हँडब्रेक ओढला, तरी फाटकाचा खांब लागलाच. चाकं बसली की इंजिन सुरू करण्याआधी पेडल दाबत राहा, ते घट्ट होईपर्यंत, मग ऑइलची पातळी बघा. नंतर रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, मध्ये डिस्क थंड होऊ द्या.

पावसात रात्रभर उभी राहिली की सकाळी डिस्क तांबडी आणि खरखर. बदलायची का? (रत्नागिरी)

वरचा गंज आहे, पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये जातो. नाही गेला तर पॅड काढून बघा.