पाय टेकत नाहीत म्हणून सीट कापू नका

प्रश्न असा आहे: 'माझी उंची ५ फूट १ इंच. २०१३ ची हिरो इम्पल्स ३८ हजारांत मिळतेय, पण बसल्यावर दोन्ही पाय टेकत नाहीत. सीट कापून घेतली तर मी तिच्यावर ऑफ-रोड शिकू शकते का? टायर कोणते टाकू?'

शिकू शकता. सीट कापू नका. टायरचं नंतर बघू.

माझी उंची ५ फूट, म्हणजे तुमच्याहून एक इंच कमीच, आणि माझ्याकडे हीच गाडी आहे. इम्पल्स म्हणजे ऑफ-रोडसाठी, डांबर सोडून खराब वाटेवर जायला केलेली उंच मोटरसायकल. तिची सीट जमिनीपासून ८४० मिलिमीटरवर. पहिल्यांदा बसले तेव्हा डाव्या पायाचा चवडा कसाबसा टेकला, उजवा पाय हवेत. दादा शेजारी उभा होता. म्हणाला, "ही तुझ्या मापाची नाही. आधी सीट उतरवून घे, मग बोल." दादाकडे बुलेट आहे. ती डांबर सोडून आजवर देवळाच्या पटांगणातसुद्धा गेलेली नाही. पण थोरला आहे, आणि गाडीचे अर्धे पैसे त्याने दिले होते. घेतली कापून. सीटवाल्याने दोन इंच फोम उडवला.

कापलेल्या सीटचं दुखणं आधी कोणी सांगत नाही. खराब वाटेवर निम्मा वेळ फूटरेस्टवर उभं राहून जायचं असतं. सीट खाली गेली तरी फूटरेस्ट जागेवरच राहतं. मग गुडघे जास्त दुमडतात आणि दर खड्ड्याआधी पाटावरून उठल्यासारखं उठावं लागतं. सकाळपासून दुपारपर्यंत पाटावरून ऊठबस करून बघा. शिवाय उरलेल्या फोममधून खालचं प्लास्टिक माकडहाडाला लागतं ते वेगळंच.

आता माझ्या घोट्याची गोष्ट. आमचं गाव भोरकडे, भाटघर धरणाच्या काठाला. गावाच्या वर धनगरवाडा आहे. तिकडे मुरमाची वाट जाते आणि एका वळणावर नुसता घसारा आहे. गाडी घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी तो चढ पहिल्या गिअरवर चढत होते, दादा मागून चालत. वळणावर पुढचं चाक दगडाला अडलं, मी घाबरून रेस सोडली, गाडी बंद. दादा खालून ओरडला, "पाय टेक! अगं पाय टेक!"

टेकला. उजवा. वाट उजवीकडे उतरती होती. पाय खाली गेला तो जातच राहिला, आणि त्याच्या मागोमाग १३४ किलोची गाडी आली. घोटा फूटरेस्ट आणि दगड यांच्या मध्ये. सहा आठवडे प्लास्टर.

दादा अजून चारचौघांत सांगतो, 'पाय पुरत नव्हते म्हणून पडली.' अरे, सीट तर तुझ्याच सांगण्यावरून कापलेली होती ना? आणि त्या बाजूला जमीनच हातभर खाली होती. सहा फुटी माणसाचाही पाय तिथे टेकला नसता. मी पडले ती पाय टेकायला गेले म्हणून. हे मी त्याला प्लास्टरमध्ये असताना सांगितलं, दिवाळीत सांगितलं, मावसबहिणीच्या लग्नात पंगतीला बसून सांगितलं.

चढावर गाडी बंद पडली तर क्लच दाबू नका, सोडलेलाच ठेवा. गिअरमध्ये असली की मागचं चाक इंजिनच धरून ठेवतं. पुढचा ब्रेक दाबा आणि डोंगराच्या अंगाला झुका, कारण तिकडची जमीन वर असते. तिकडे तुमचाही पाय पोचेल, माझाही पोचतो. नाहीच सावरली तर गाडीला त्याच अंगाला आडवी होऊ द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. पडणारी गाडी पायाने अडवायची नाही, मग तुमची उंची कितीही असो. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प हँडलवर किंचित सैल ठेवा, म्हणजे पडल्यावर लिव्हर फिरते, मोडत नाही. सपाटीवर थांबताना सीटवरून डावीकडे सरका, एक पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर. दोन्ही पाय टेकायला आपण काय झोक्यावर बसलोय?

प्लास्टर निघाल्यावर मी फोम परत भरून घेतला. पुढच्या मे महिन्यात भाटघरचं पाणी उतरल्यावर तळाच्या उघड्या जमिनीवर रोज संध्याकाळी गाडी घेऊन जायचे. (उघड्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, केलेल्या वावरात चाक घालू नका. लोक शिव्या देतात आणि बरोबर देतात.) भाची तेव्हा तिसरीत होती. तिला पुढे चालायला लावायचं आणि हाफ क्लचवर, फूटरेस्टवर उभं राहून तिच्या मागे मागे जायचं, पाय खाली न लावता. ती मुद्दाम थांबायची, चिंचोका उचलायची, परत चालायची. महिनाभरात हात तयार झाला.

तुमच्या गाडीचं: चिमट्याच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, सीलमधून तेल गळतंय का बघा. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्ये अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा, कारण हिरोच्याच मोठ्या करिझ्माचं इंजिन बसवलेल्या इम्पल्सही फिरतात, आणि कागदावर नोंद नसेल तर ते लचांड तुमच्या गळ्यात पडेल. २०१३ ची म्हणजे २०२८ ला पंधरा वर्षं भरतात, आरसीचं नूतनीकरण करावं लागेल, तो खर्च किमतीतून कापून मागा. कंपनीने ही गाडी बनवणं बंद करून बरीच वर्षं झाली, बाहेरचं प्लास्टिक मिळायला त्रास होतो.

टायर सध्या आहेत तेच राहू द्या. हवा थोडी कमी करा, पण ट्यूब आहे, २० पीएसआयच्या खाली नको, आणि डांबराला लागायच्या आधी परत भरा.

हो, सिग्नलला मागे माणूस बसला असेल तर उंचीचा त्रास होतो, ते मान्य. आणि घोट्याच्या वर येणारे जाड बूट आधी घ्या, बाकी सगळं नंतर. त्या दिवशी माझ्या पायात कॅनव्हासचे बूट होते. हे दादाच्या लक्षात नाही, आणि मी आठवण करून देत नाही.

भाची यंदा अठराची झाली. तिला इम्पल्स शिकायचीय. परवा दादाने त्या सीटवाल्याचा नंबर मागितला. मी शेवटचे दोन आकडे उलटे करून दिलेत.