नव्या इंजिनचा हेवी ट्रक घ्यावा, की जुनं ओळखीचं इंजिनच बरं?

ताकद जास्त, डिझेल कमी, हे ऐकून मन होतं. पण टिकेल का, हाच तुमचा प्रश्न ना?

ब्लॉक, क्रँक, पिस्टन यांची फार धास्ती घेऊ नका. नव्या गाड्या बहुतेक वेळा उभ्या राहतात त्या धुराच्या बाजूच्या सामानामुळे: ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), एससीआर (युरियाच्या द्रावणानं धुरातले विषारी वायू कमी करणारी यंत्रणा) आणि त्यांचे सेन्सर. कूलंट दर आठवड्याला कमी होतंय, पण गाडीखाली थेंबही नाही? मग ईजीआर कूलर (परत जाणारा धूर कूलंटनं थंड करणारा भाग) आतून गळतोय का, ते आधी तपासा. डीपीएफमधली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. छोट्या फेऱ्या, तासन्‌तास आयडलिंग आणि रीजनरेशन (म्हणजे ही काजळी जाळणं) चालू असतानाच चावी बंद, असं चाललं तर फिल्टर तुंबणारच. लांब पल्ल्याच्या गाडीला हा त्रास बराच कमी.

हॉर्सपॉवरपेक्षा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, किती आरपीएमला मिळतो ते बघा. हल्लीची बरीच इंजिनं १००० ते १४०० आरपीएममध्येच पूर्ण टॉर्क देतात. जुन्या सवयीनं १८००पर्यंत ताणलं तर मायलेज पडतं आणि शिव्या इंजिनाला!

इंजिनाचं ‘बी१०’ आयुष्य म्हणजे हमी नव्हे. तेवढ्या किलोमीटरपर्यंत १० टक्के इंजिनं मोठ्या दुरुस्तीला येतील, असा तो अंदाज.

मी स्वतः पहिल्या वर्षीचं मॉडेल घेत नाही. घ्यायचंच असेल तर वाढीव वॉरंटीत डीपीएफ, एससीआर आणि इंजेक्टर येतात का, ते लेखी घ्या.