ट्रॅकसाठी पोलोला मोठे ब्रेक आणि सतरा इंची मॅगव्हील टाकावेत का?

प्रश्न असा आहे: २०१४ ची पोलो जीटी टीएसआय, मूळ १५ इंची चाकं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पाचव्या फेरीला पेडल स्पंजासारखं मऊ पडलं आणि खाली बसलं. आता दुकानदाराने ३३० मिमीची डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी), चार पिस्टनचं कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून चिमटणारा भाग) आणि १७ इंची मॅगव्हील असा सगळा संच सांगितलाय. घ्यावा का? विचारणारे जळगावचे आहेत.

भाऊ, मी धुळ्याचा. अवधान एमआयडीसीत माझं लेथचं काम आहे आणि माझ्याकडेही पोलोच आहे, म्हणून हा सगळा खड्डा मी स्वतः पडून पाहिलेला आहे. सध्या घेऊ नका. कारण तुमच्याच प्रश्नात आहे: पेडल मऊ पडलं.

ट्रॅकवर ब्रेक दोन तऱ्हेने दगा देतात. पेडल नेहमीसारखंच टणक आहे, जीव खाऊन दाबलं तरी गाडी थांबत नाही, असं झालं तर पॅड (डिस्कवर घासणारे ठोकळे) त्यांना सोसेल त्या तापमानाच्या पलीकडे गेले. पेडल मऊ पडून खाली गेलं तर ब्रेक ऑइल उकळलं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय त्या वाफेलाच दाबत बसतो. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश. पण हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हीच मर्यादा १५५ अंश धरलेली आहे. डॉट ३ असेल तर २०५ आणि १४०. तुमच्या गाडीतलं ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवून पाहा. माझं चार वर्षं जुनं होतं. गाडीतून निघालं ते काळ्या चहासारखं.

ही उष्णता येते कुठून, तेही सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच आहेत. माणसासकट १२०० किलोची गाडी १५० वरून ७० किमीवर आणली, तर सुमारे ८१५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. घरचं पाणी जवळजवळ अडीच लिटर उकळीला यावं इतकी. तीही चारेक सेकंदांत. त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांचा धरा, सहा किलोची बिडाची डिस्क धरा, तर एका ब्रेकिंगमध्ये डिस्क शंभरेक अंशांनी तापते. ती पुरती थंड व्हायच्या आत पुढचं वळण येतं. कोईमतूरचा करी ट्रॅक तर २ किमीच्या आसपासचाच, तिथे डिस्कला श्वास घ्यायला जागाच नाही. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना, नाहीतर सेंधव्याच्या बिजासन घाटात, ट्रकच्या लायनरचा जो वास येतो ना, तेच. फक्त ट्रकवाला शहाणा असतो, तो गिअर पाडून उतरतो.

म्हणजे मोठी डिस्क घ्यायची ती उष्णता पोटात घ्यायला. गाडी लवकर थांबावी म्हणून नाही. एक साधी चाचणी करा: मोकळ्या जागी जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थडथडतं का? थडथडत असेल तर मूळ ब्रेकमध्ये टायरला हरवण्याइतकी ताकद आधीच आहे. त्यापुढे थांबण्याचं अंतर टायरच कमी करणार. आमच्याकडे कामाला असलेल्या एका जुन्या कारागिराने माझ्या गाडीत एक चक्कर मारली आणि म्हणाला, "गाडी पयस झकास, पन थांबस नही भो!" मी लगेच ब्रेकचं किट शोधायला लागलो. टायर सहा वर्षांचे होते, तिकडे बघितलंच नाही.

म्हणून तुमच्या जागी मी पहिल्या खेपेला एवढंच करीन: रेसिंगचं ब्रेक ऑइल (मोतुलचं आरबीएफ ६०० कोरडं असताना ३१२ अंशांपर्यंत जातं), चारही चाकांची हवा नीट काढून घेणं, पुढे ट्रॅकचे पॅड, आणि चांगले चिकट टायर. डिस्कची जाडी व्हर्नियरने मोजा, किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. नवे पॅड बसवल्यावर थेट ट्रॅकवर पळू नका, आधी मुरवून घ्या. आणि शेवटची फेरी नेहमी ब्रेक न मारता, थंडावा देत काढायची. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही आणि पेडलवर पाय ठेवून उभं राहायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो, मग पुढच्या वेळी पेडल थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली.

हे सगळं करूनही पेडल गेलं, तरच किट. आता माझी गंमत ऐका.

मी घेतलेल्या किटला चार पिस्टन होते आणि मूळ कॅलिपरला एक, म्हणून चौपट ताकद, असा माझा हिशोब. तो हिशोब चुकीचा आहे. मूळ कॅलिपर सरकतं असतं, एकच पिस्टन दोन्ही पॅडना दाबतो. चार पिस्टनवाल्यात दोन इकडून, दोन तिकडून. त्यामुळे तुलना करताना एका बाजूचेच मोजायचे. माझा मूळ पिस्टन ५४ मिमीचा भरला, म्हणजे २२.९ चौरस सेमी. एका बाजूला ३६ आणि ४० चे पिस्टन असते तर बेरीज २२.७, म्हणजे जवळपास तेवढंच, आणि ते उत्तम झालं असतं. माझ्या किटमध्ये निघाले ४० आणि ४४. बेरीज २७.८. एकवीस टक्के जास्त. पेडलमागून तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच, त्यामुळे पेडल लांब झालं, म्हणजे जास्त खोल दाबावं लागायला लागलं. शिवाय डिस्कही मोठी, म्हणून पुढची पकड आणखी वाढली. पोलोला मागे ड्रम आहेत. पुढची चाकं लवकर एबीएसमध्ये जायला लागली आणि मागची नुसती गंमत बघत बसली. पैसे गेले आणि थांबण्याचं अंतर उलट वाढलं. दुकानदाराला पिस्टनचे व्यास विचारले होते का? नाही. रंग विचारला होता. लाल.

त्यापेक्षा त्याच घराण्यातल्या मोठ्या गाडीची २८८ मिमीची डिस्क आणि ५४ च्याच पिस्टनचं कॅलिपर हा सरळ मार्ग. पण भंगार बाजारातून आणताना दोन गोष्टी बघा. पोलोचा पीसीडी ५×१००, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट. जुन्या पहिल्या ऑक्टाव्हियाचाही तोच. लॉराचा मात्र ५×११२, त्या छिद्रांची डिस्क तुमच्या हबवर बसणार नाही. आणि कॅलिपर ज्या नकलवर (चाकाचा हब धरणारा भाग) बोल्ट होतं तिथली जागा वेगळी असते, त्यामुळे अनेकदा नकलच बदलावी लागते. हे मिस्त्रीकडून आधी वदवून घ्या.

चाकांकडे येतो. लोक ब्रेक एकीकडून घेतात, चाकं दुसरीकडून, आणि मग ती एकमेकांना भेटत नाहीत. "पंधरा इंचात बसतं" हे वाक्य अर्धवट आहे. डिस्कच्या वरून कॅलिपरचा पूल जातो, तो रिमच्या आतल्या अंगाला लागतो का, हे एक. कॅलिपरचं तोंड बाहेर येतं, ते स्पोकच्या आतल्या पोटाला लागतं का, हे दुसरं. त्यात इंच मदत करत नाहीत, स्पोकचा बाक मदत करतो. माझं किट तीन मिमीने स्पोकला घासत होतं. एकाच मापाच्या दोन मॅगव्हीलपैकी एक बसतं, दुसरं बसत नाही.

किट विकणाऱ्याकडून कॅलिपरच्या आडव्या छेदाचं एकास एक मापाचं चित्र मागवा. आपल्याकडे केळीच्या खोक्यांना तोटा नाही, रावेर-सावद्याकडचा जाड पुठ्ठा त्याला झकास. चित्र त्यावर चिकटवून कापा, हबच्या मध्यावर धरून चाकात फिरवा. सगळीकडून किमान ३ मिमी मोकळं राहिलं पाहिजे. चित्र द्यायला नाही म्हणणाऱ्याकडून किट घेऊ नका.

मग रुंदी आणि ईटी, म्हणजे चाकाचा हबवर टेकणारा भाग रुंदीच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा. समजा मूळ चाक ६ इंच रुंद, ईटी ४० आणि नवं ७ इंच, ईटी ३५. इंचभर रुंदी वाढली म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी. ईटी ५ ने कमी म्हणजे चाक ५ मिमी बाहेर सरकलं. आत स्ट्रटकडे (सस्पेन्शनच्या दांड्याकडे) ७.७ वाढलं, बाहेर फेंडरकडे १७.७. हा हिशोब कागदावर करा, मग लोअर आर्मखाली जॅक लावून चाक वर चेपा आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा.

पोलोच्या चाकाचं मधलं छिद्र ५७.१ मिमी. बाजारातली बरीच मॅगव्हील ७३.१ ची असतात, मध्ये रिंग लागते. ती प्लॅस्टिकची घेऊ नका, ट्रॅकच्या उष्णतेत मऊ पडते. ॲल्युमिनियमची कोणताही लेथवाला काढून देईल. मी तर देतोच.

आता बोल्ट, आणि इथे जरा नीट वाचा. पोलोच्या मूळ बोल्टचं बूड, म्हणजे चाकावर टेकणारा भाग, गोलाकार असतं. बाहेरच्या मॅगव्हीलमधली बोल्टची खाच बहुतेक वेळा शंकूच्या आकाराची, ६० अंशांची. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर. एका गॅरेजवाल्याने माझे तेच बोल्ट परत लावले, मीही बघितलं नाही. सोनगीर सोडून शिरपूरकडे जाताना डाव्या पुढच्या चाकातून टकटक यायला लागली. उतरून पाहिलं तर दोन बोल्ट हाताने फिरत होते. तेव्हापासून टॉर्कचा पाना डिकीत असतो. १२० न्यूटन-मीटर, आणि चाक लावल्यावर पन्नासेक किमीनंतर पुन्हा एकदा. स्पेसर लावला तर त्याच्या जाडीइतका लांब बोल्ट हवा. एम१४×१.५ चा बोल्ट आठेक आटे तरी आत गेला पाहिजे.

सतरा इंचाबद्दल माझं मत वाईट आहे. ३३० ची डिस्क घेतली की १७ घ्यावंच लागतं, म्हणून दुकानदार दोन्ही एकदम विकतो. चाक जड, डिस्क जड, टायर महाग. १०५ पीएसच्या पोलोला ते ओझं कशाला? मी १५×७, ईटी ३५ ते ३८ आणि १९५/५५ टायर असं घेतलं आहे. मूळ १८५/६० पेक्षा व्यास आठेक मिमीनेच कमी पडतो. चाकावर जेडब्ल्यूएलचा (मॅगव्हीलच्या जपानी मानकाचा) ठसा आणि भाराचा आकडा बघा. नुसतं "इम्पोर्टेड" लिहिलेलं काही सांगत नाही.

कायद्याचंही बघा. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना विचारा. जमत असेल तर ट्रॅकपर्यंत गाडी टोइंगच्या गाडीवर न्या. मूळ चाकं आणि कॅलिपर विकू नका.

आता जळगावातच ऑइल आणि पॅड बदला, एक ट्रॅक डे करून या. पेडल पुन्हा गेलं तर डिस्कचा व्यास, जाडी आणि चाकाच्या आतल्या बाजूला कोरलेला ईटीचा आकडा पाठवा. पुठ्ठा मी कापून ठेवतो, धुळ्याला येताना चाक घेऊन या.