विश्वकिरणांतला ‘किरण’

देवगडच्या एका वाचकांचा प्रश्न: अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या ‘कॉस्मिक रेज’ना ‘विश्वकिरण’ म्हणणं बरोबर की ‘वैश्विक किरण’? आणि हे किरण नसून कण आहेत, तर सरळ ‘विश्वकण’ का म्हणू नये?

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं. दोन्ही चालतात, मराठी विश्वकोशात ‘विश्वकिरण’ आहे. चालत नाही तो आमच्या किनारपट्टीवर पुन्हा पुन्हा फिरणारा मेसेज: ‘आज रात्री कॉस्मिक किरणं येणार, मोबाइल बंद ठेवा.’ अहो, ते अहोरात्र येतच असतात!

‘विश्वकण’वाल्यांशी मात्र माझं भांडण आहे. इंग्रजी नाव १९२०च्या दशकात अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने रूढ केलं, कारण तो त्यांना गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाच्याच जातीचे किरण, समजत होता. पुढे ते विद्युतभारित कण निघाले, बहुतेक प्रोटॉन. चूक इंग्रजीची, शिक्षा मराठी शब्दाला का? ‘किरण’ आला ‘कॄ’ धातूपासून: विखुरणे, उधळणे. प्रकीर्ण, विकीर्ण, संकीर्ण ही त्याचीच भावंडं. मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत कोश उघडून बघा. किरणचा पहिलाच अर्थ ‘धूळ, अगदी बारीक धूळ’, आणि हवाला थेट ऋग्वेदाचा! म्हणजे किरण मुळात कणच. संस्कृतातला ‘अवकर’ म्हणजे केरकचरा, तोही कॄचाच. आपण रोज अंगणातून लोटतो तो ‘केर’ याच घरातला, हे माझं ठाम मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

शिवाय उधळण म्हणावी तर यांचीच. अतिउच्च ऊर्जेचा एकच कण वातावरणात वरच्या वर एखाद्या अणुकेंद्रावर आदळतो. त्यातून कण, त्यांतून आणखी कण, आणि जमिनीवर येईतो अब्जावधी कण कित्येक चौरस किलोमीटरवर पसरतात. १९३८ साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर ओजेने लांब-लांब ठेवलेली उपकरणं एकाच क्षणी वाजताना पाहून हे ओळखलं. अर्जेंटिनात मालार्ग्वेजवळ त्याच्या नावाची वेधशाळा आहे. सोळाशेवर टाक्या, प्रत्येकीत १२,००० लिटर शुद्ध पाणी, दोन टाक्यांत दीड किलोमीटर अंतर. कण पाण्यातून जाताना निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश चमकतो, तो टिपायचा. कुठल्या टाकीत आधी, कुठल्या टाकीत नंतर, यावरून मूळ कणाची दिशा काढायची. पसारा ३,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे अर्ध्याहून अधिक सिंधुदुर्ग. तेवढा लागतोच, कारण १०च्या २०व्या घाताइतक्या इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा कण एका चौरस किलोमीटरवर शतकात जेमतेम एखादा पडतो.

कणांच्या या उधळणीला इंग्रजीत ‘एअर शॉवर’ म्हणतात. तिला मराठीत कुणी ‘वायुवर्षाव’ म्हणू नका. वर्षाव हवेचा होत नाही, हवेत होतो. ‘कणांचा सडा’ म्हणा.