जुन्या पद्मिनीत मारुती जिप्सीचं इंजिन बसवलं, आता सिग्नलला गाडी तापते. मोठा रेडिएटर घालू का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: गाडी १९७५ ची प्रीमियर पद्मिनी, आत जिप्सी किंगचं १.३ एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारं) इंजिन. मूळ पंखा मावेना म्हणून काढला, रेडिएटर थोडा पुढे आणि खाली घेतला, ग्रिलच्या बाजूने इलेक्ट्रिक फॅन लावला. हायवेला तापमानाचा काटा मधोमध, पुण्यातल्या सिग्नलला लालकडे. मेकॅनिक म्हणतो मोठा रेडिएटर घाला, नाहीतर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका.

आत्ता दोन्ही करू नका. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन चाळीसेक हॉर्सपॉवरचं, जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं ऐंशीच्या आसपास. पण ही जास्तीची ताकद आणि तिची उष्णता पाय दाबल्यावरच येते. सिग्नलला उभं असताना दोन्ही इंजिनांच्या उष्णतेत फार फरक नसतो. रेडिएटर अपुरा असता तर गाडीने खंबाटकीचा घाट चढताना मान टाकली असती. तुमचं उलट आहे. वारा आपोआप मिळतो तेव्हा सगळं ठीक, फॅनवर भिस्त पडली की बोंब. म्हणजे अडचण हवेची आहे, आणि बहुधा पाण्यात अडकलेल्या हवेचीही.

त्याआधी काटा खरं बोलतोय का ते बघा. पद्मिनीचा मीटर आणि जिप्सीचा सेंडर (इंजिनात बसून मीटरला तापमान कळवणारा भाग) यांची जोडी जमत नाही, आकडा भलताच दिसतो. पद्मिनीचाच सेंडर, आटे जुळवणारा बुश घालून, नव्या इंजिनात बसवा. ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, दोन पिनांचा सेन्सर वेगळा असतो, त्याला हात लावू नका. मग इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घरावरचं तापमान मोजून काट्याशी ताडून पाहा.

आता फॅन. रेडिएटरच्या पुढे बसवलेला फॅन हवा ढकलतो, मागे बसवलेला ओढतो, आणि ओढणारा केव्हाही सरस. पुढचा फॅन चालू नसताना वाऱ्याच्या वाटेत आडवा येतो तो वेगळाच. त्यात तुमच्याकडे श्राउड (फॅन आणि रेडिएटर यांच्यामधलं हवा बांधून ठेवणारं आवरण) नाही, म्हणजे पात्यांसमोर येतो तेवढाच जाळीचा गोल थंड होतोय आणि चार कोपरे फुकट. पातळ, चपटा फॅन घ्या, मागून लावा आणि पत्र्याचा श्राउड करून घ्या. तो पूर्ण कोअर, म्हणजे रेडिएटरची जाळी, झाकेल असा आणि जाळीपासून वीसेक मिलिमीटर लांब हवा. रेडिएटरच्या चारही बाजूंच्या फटी रबर नाहीतर फोमच्या पट्टीने बंद करा. हे लोक हमखास विसरतात. गाडी उभी असली की मागची गरम हवा त्याच फटींतून वळून पुढे येते आणि फॅन तीच पुन्हा ओढत बसतो. झालं की ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. कागद चिकटून राहिला तर काम नीट झालं.

मागे जागाच नाही, असं तुम्ही म्हणालच. फॅन विकत घ्यायच्या आधी त्याच मापाचा पुठ्ठा कापून बसवून बघा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, त्यामुळे पुली आणि फॅनची मोटर यांत निदान २५ मिलिमीटर तरी हवेत. खात्री करायची तर मोटरच्या पाठीवर, पुलीच्या समोर, कणकेचा घट्ट गोळा चिकटवा आणि क्लच जरा झटक्याने सोडत गाडी गल्लीतून फिरवून आणा. गोळा किती दबला ते बघितलं की पुली कुठवर येते ते कळतं. तरीही जागा कमी पडली तर ग्रिलमागचे हॉर्न हलवून रेडिएटर पुढे घ्या, पण बॉडीचा पुढचा पत्रा कापू नका.

रेडिएटर खाली घेतलात तिथे दुसरी गोम आहे. आता त्याचं झाकण इंजिनच्या वरच्या होजपेक्षा (रबरी पाइपपेक्षा) खाली गेलं असणार. पाणी भरताना हवा सगळ्यात उंच जागी, म्हणजे थर्मोस्टॅटपाशी साठते आणि झाकणातून निघत नाही. वरच्या होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून तिथे झाकण द्या, किंवा छोटी टाकी सगळ्यात उंच लावून भरणं तिथूनच करा. हीटर जोडला नसेल तर इंजिनची हीटरकडे जाणारी दोन तोंडं बूच मारून बंद करू नका, आखूड होजने एकमेकांना जोडा. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे ना तेही बघा. नसेल तर रेस केल्यावर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो.

थर्मोस्टॅट काढलात तर इंजिन वेळेवर तापणार नाही, ईसीयू थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल ओतत राहील आणि सिग्नलचा त्रास तसाच राहील. फॅनला ९२ अंशांना चालू आणि ८७ ला बंद होणारा थर्मोस्विच खालच्या टाकीत लावा, रिले आणि फ्यूजसकट. वायर जाड घ्या.

कूलंटमध्ये कंजुषी नको. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा होता, बोअरचं पाणी पिऊन वर्षं काढायचा. जिप्सीचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, त्यात रेडिएटर पितळेचा. साध्या पाण्यात ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जातं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच वापरा. जिप्सीचं ०.९ बारचं झाकण लावायचं तर आधी रेडिएटरवाल्याकडून प्रेशर टेस्ट करून घ्या, जुने डाग (झाळलेले सांधे) उसवू शकतात.

एवढं करूनही घाटात तापली, तर मग रेडिएटरला हात घाला. तेव्हाही नवा शोधत फिरू नका. पितळी टाक्या तुमच्याच ठेवून जाड कोअर टाकून मिळतो, आणि पाइपांची तोंडं नव्या इंजिनाला सोयीची तिथे डाग देऊन हलवता येतात.

विचारलं नाहीत, तरी एक. इंजिन बदलाची आरटीओत नोंद झाली नसेल तर ती आधी मार्गी लावा. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती मूळ रूपात असेल तरच. इंजिन बदललेली गाडी त्यात बसत नाही. तुमची पन्नाशी झालीच आहे. तेव्हा जुनं इंजिन भंगारात घालू नका, तेल भरून झाकून ठेवा.