केस मिटली, पैसे भरले, तरी सिबिलवर ‘सूट फाइल्ड’ कसं?

प्रश्न: साहेब नमस्कार, आमचं सांगलीला हार्डवेअरचं दुकान आहे. धंद्यासाठी बँकेचं कर्ज होतं, लॉकडाऊनमध्ये हप्ते थकले, बँकेने दावा टाकला. मागच्या वर्षी लोकअदालतीत तडजोड झाली, बँकेने थोडी रक्कम सोडली, ठरलेली सगळी मी भरली. आता मुलीच्या एज्युकेशन लोनला गेलो तर दुसऱ्या बँकेचे मॅनेजर म्हणतात तुमच्या रिपोर्टवर ‘सूट फाइल्ड’ (दावा दाखल) दिसतंय, आधी ते काढून आणा. कोर्टात परत जावं लागेल का? एक एजंट पंधरा हजारात क्लिअर करून देतो म्हणतोय.
— एक वाचक, सांगली

उत्तर: त्या एजंटला आधी वाटेला लावा. तो जे करणार ते तुम्हाला फुकटात करता येतं, आणि जे होण्यासारखं नाही ते त्याच्या बापालाही जमणार नाही.

आपल्याकडे कोर्ट सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट कंपनीला, काहीही कळवत नाही, हे बहुतेकांना माहीतच नसतं. दावा लागला, हुकूमनामा झाला, लोकअदालतीत मिटलं, यातलं रिपोर्टवर जे येतं ते बँक पाठवते म्हणून येतं. तुमच्या खात्यापुढे ‘सूट फाइल्ड / विलफुल डिफॉल्ट’ (दावा दाखल / मुद्दाम थकवलेलं) असा एक रकाना असतो, दावा टाकला तेव्हा कुणीतरी तो भरला, आणि केस मिटल्यावर वकिलाने शाखेला सांगितलं नाही किंवा शाखेने डेटा पाठवणाऱ्या डिपार्टमेंटला सांगितलं नाही, बास, एवढीच गोष्ट असते बऱ्याचदा. म्हणून भांडायचं ते बँकेच्या डेटाशी. कोर्टात जायचं ते फक्त कागद आणायला.

कागद कुठले, तर लोकअदालतीच्या निवाड्याची सर्टिफाईड नक्कल (झेरॉक्स नको), पैसे भरल्याची नोंद असलेलं स्टेटमेंट, आणि बँकेचं नो ड्यूज. ई-कोर्ट्सच्या साइटवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा नंबर) टाकला की केस ‘डिस्पोज्ड’ म्हणजे निकाली दाखवणारं पान येतं, त्याचीही प्रिंट जोडा. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे बँकेला ‘आमचं अजून चालू आहे’ म्हणायला जागाच नाही.

तुमच्यापैकी कुणी साधा हुकूमनामा झाल्यावर बाहेरच्या बाहेर पैसे भरले असतील तर त्यांनी मात्र लक्ष द्या. पैसे मिळाल्याची पुरशिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, बँकेने कोर्टात द्यायला हवी. दिली नाही तर वसुलीची दरखास्त चालवणारं कोर्ट ते पैसे हिशोबातच धरत नाही. बँक टाळाटाळ करत असेल तर तुम्ही स्वतः अर्ज करू शकता पण मुदत फक्त 30 दिवस आहे, आणि ही मुदत भलेभले घालवून बसतात.

आता तक्रार. आपल्याकडे सिबिल ही एकच कंपनी नाही, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क पण आहेत. चौघींकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, चारही काढा, कारण एकीकडे दुरुस्त होऊन दुसरीकडे तसंच राहिलेलं मी कितीदा पाहिलंय. जिथे चूक दिसेल तिथे ऑनलाइन डिस्प्यूट टाका, फी नाही. नुसतं ‘माझा रिपोर्ट चुकीचा आहे’ असं लिहू नका, कुठलं खातं, कुठला रकाना, काय दिसतंय आणि काय दिसायला हवं एवढं नेमकं लिहा. त्याच दिवशी ज्या बँकेने दावा टाकला होता तिच्या शाखेत तेच अर्ज-कागद देऊन आपल्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख घ्या. काउंटरवरचा माणूस ‘ठेवून जा’ म्हणेल, ठेवून जाऊ नका.

तो शिक्का पुढे कामाला येतो कारण क्रेडिट कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, ती बँकेला विचारते. बँकेने 21 दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची आणि सगळं प्रकरण 30 दिवसांत संपवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळते, ज्याच्याकडून उशीर झाला तो देतो. हे एप्रिल 2024 पासून लागू आहे. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा थातुरमातुर आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, सीएमएस पोर्टलवर तक्रार टाकता येते, फोन 14448. क्रेडिट कंपन्याही सप्टेंबर 2022 पासून लोकपालाच्या कक्षेत आल्यात.

एक कडू गोष्ट पण सांगून ठेवतो. बँकेने तुम्हाला रक्कम सोडली आहे, म्हणजे ‘सूट फाइल्ड’ गेलं तरी त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ येणार, आणि ते खरं असल्यामुळे डिस्प्यूट टाकून जाणार नाही. नवी बँक त्याकडेही वाकड्या नजरेने बघते. सोडलेली रक्कम आता भरली तर ‘क्लोज्ड’ कराल का, हे बँकेला लेखी विचारा, आणि लेखी हो आल्याशिवाय एक रुपया भरू नका. मुलीचं ॲडमिशन तोंडावर असेल तर सहकर्जदार म्हणून तिच्या आईचं नाव देता येतं का बघा, त्यांचं स्वतःचं उत्पन्न आणि रिपोर्ट चांगला असेल तर.

प्रश्न: आमच्यात भावाभावांत जमीन वाटणीचा दावा चालू आहे. शिवाय एका मित्राला पतसंस्थेत जामीन राहिलो होतो, त्याने बुडवलं, आता संस्थेने माझ्यावर पण 101 चा दाखला (सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला) काढलाय. माझं सिबिल गेलं का?
— एक वाचक, बारामती

उत्तर: वाटणीच्या दाव्याचा सिबिलशी काही संबंध नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नसतात, त्यामुळे तो दाखलाही बहुधा रिपोर्टवर दिसणार नाही, पण त्यात आनंद मानू नका, त्या दाखल्यावर वसुली अधिकारी थेट जप्तीला येऊ शकतो. आव्हान द्यायचं तर त्याच कायद्याच्या कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज आहे, त्याला आधी 50 टक्के रक्कम भरावी लागते. हीच जामीनकी बँकेत असती, अगदी अर्बन बँकेत, तर मित्राचं थकलेलं कर्ज तुमच्या रिपोर्टवर आलं असतं. मित्राला धरा, सहकर्जदार असतील त्यांनाही धरा.

प्रश्न: दादा मी इंग्लंडमध्ये स्लाउला असते. आधी लेस्टरला भाड्याने राहायचे, तिथल्या विजेच्या बिलावरून कंपनीने माझ्यावर केस केली म्हणे, कागद सगळे जुन्या पत्त्यावर गेले. मॉर्गेज (घराचं कर्ज) नाकारलं तेव्हा कळलं की माझ्या नावावर सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्टाचा पैसे भरण्याचा निकाल, आहे. ते बिल मी घर सोडल्यानंतरच्या महिन्यांचं आहे!
— एक वाचक, स्लाउ

उत्तर: ताई, तुमच्याकडचा प्रकार उलटा आहे. तिथे कोर्टाचा निकाल रजिस्ट्री ट्रस्टच्या रजिस्टरमध्ये जातो, क्रेडिट कंपन्या तिथून उचलतात आणि तो 6 वर्षं दिसतो. त्यामुळे नुसतं एक्सपिरियनला पत्र लिहून भागणार नाही, निकालच फिरवून आणावा लागेल.

निकालापासून महिन्याच्या आत पूर्ण पैसे भरले तर नोंद पुसली जाते, नंतर भरले तर फक्त ‘सॅटिस्फाइड’ असा शेरा येतो आणि नोंद तशीच राहते. म्हणून घाबरून लगेच पैसे भरू नका, तुमची बाजू खरी आहे. एन 244 फॉर्म भरून निकाल रद्द करायला, म्हणजे ‘सेट असाइड’ला अर्ज करा. फी 300 पौंडांच्या आसपास आहे, उत्पन्न कमी असेल तर सवलत मागता येते.

कागद जुन्या पत्त्यावर गेले एवढंच सांगून चालेल असं धरू नका, शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवलेले कागद तिथे चालू शकतात. जज बघतो की दावा लढवला तर तुमची बाजू टिकण्यासारखी आहे का आणि कळल्यावर तुम्ही लगेच आलात का. टेनन्सी कधी संपली त्याचा कागद, शेवटचं मीटर रीडिंग, नव्या घराचा काउन्सिल टॅक्स, हे सगळं अर्जासोबतच लावा आणि सीसीजे कधी, कसा कळला ती तारीखही लिहा. अर्ज ह्याच आठवड्यात टाका, मॉर्गेजवाल्यांशी नंतर बोला.